पान चौथं, पुढचं वाक्य

मी खेकडे आणायचो.
पगारपत्रकात त्याला तांत्रिक साहाय्यक म्हणत.
सान क्लेमेंतेच्या दलदलीतून ब्युनोस आयरेसपर्यंत
पहाटेची सव्वातीनशे किलोमीटर,
मागे बादल्या, बादल्यांत खरखर.

डॉक्टर नेलिदा बारागान एकेकाला उलटा करून बघत,
नर का मादी, नांग्या शाबूत का,
मग पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा.
नाव ठेवायचं नाही,
हा प्रयोगशाळेतला एकच कडक नियम.

वाडग्यासारख्या भांड्यात खेकडा.
वरून काळी पट्टी सरकते.
पहिल्यांदा तो जिवाच्या आकांताने पळतो,
दहाव्यांदा जरा कमी,
तिसाव्यांदा जागच्या जागी थिजतो.
उद्या त्याच भांड्यात ठेवा, पट्टी हलवा:
थिजलेलाच.
"ही भीती नव्हे, रामिरो," बाई म्हणायच्या,
"ही ओळख."

वीस वर्षं त्यांनी एवढंच विचारलं,
जुनी आठवण जागी केली
तर ती किती तास ओली राहते,
ताज्या गिलाव्यासारखी, बोट लावलं तर ठसा उमटेल अशी.
त्या तासांत औषध टोचलं
की खेकडा कोरा.
पट्टी सरकली की पुन्हा पहिल्यासारखा धावत सुटतो.

निबंध दोनदा साभार परत आला.
खेकड्याला कसली आठवण, असं एका परीक्षकाने लिहिलं होतं.
मग ते साल आलं, बँकांची दारं बंद,
चार महिने पगार नाही;
फ्रीजरचं वीजबिल बाईंनी अंगठी विकून भरलं
आणि मला सांगितलं, बोटाला ढिली होत होती.

तिसऱ्यांदा निबंध छापून आला.
त्या दिवशी आम्ही माते प्यायलो, नेहमीचीच,
फक्त साखर घालून.

सत्त्याहत्तर साली त्यांच्या भावाला, उगोला,
घरातून नेलं होतं.
हे मला खटल्याच्या तारखेने कळलं.
त्यांची आई एर्मिंदा, एक्याऐंशीची, साक्षीदार.
कोर्टात आम्ही खेकड्यांच्याच गाडीतून गेलो,
म्हातारी वाटेत म्हणाली, समुद्राचा वास येतोय, छान आहे.

आरोपीच्या वकिलाने विचारलं,
मुलाच्या अंगात स्वेटर कुठल्या रंगाचा?
हिरवा.
पंचाऐंशीच्या जबानीत निळा आहे.
म्हातारी गप्प.
वकिलाने बाईंना उभं करायला लावलं
आणि बाईंचाच निबंध वाचला, सावकाश, चष्मा सांभाळत:
'प्रत्येक वेळी आठवताना आठवण बदलू शकते.'
हे आपण लिहिलंत?

मीच. पान चौथं.

मग आपल्या आईने इतक्या वर्षांत शेकडो वेळा आठवलेलं…

"पुढचं वाक्य वाचा," बाई म्हणाल्या.
त्याने ते पान उलटून ठेवलं होतं.
न्यायाधीशांनी मागून घेतलं, स्वतःच वाचलं:
'मात्र कोऱ्या पाटीसाठी बाहेरून औषध द्यावं लागलं.
एकाही खेकड्याने सावली
आपण होऊन पुसून टाकली नाही.'

पुढे निकाल काय लागला ते वर्तमानपत्रात आलं,
ते मी इथे लिहीत नाही.

परतताना पेट्रोलपंपावर म्हातारीने विचारलं,
"नेलि, हिरवाच ना गं?"
बाई बराच वेळ काच पुसत राहिल्या.
"मी त्या रात्री मावशीकडे होते, आई.
मला कसं माहीत असणार?"
आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं,
पन्नाशीची बाई, भर पंपावर.

हंगाम संपला की उरलेले खेकडे मी परत सोडतो.
या वेळी बाईही आल्या, उसने गमबूट घालून.
बादली कलंडवली. सगळे चिखलात पांगले.
वरून एक कुरव पक्षी गेला.
बाकीचे बिळांत.
पाठीवर फिकट चौदा असलेला एक
तेवढा थांबला,
नांग्या छातीशी घेऊन,
सावली जाईपर्यंत.

बाई मोजत होत्या. सवयच ती.
मी विचारलं नाही, किती सेकंद.